पेटीचा सूर: घरच्या रेकॉर्डिंगच्या नोंदी

२६ मे
मावशीची आठ भजनं रेकॉर्ड करायची, चवथीच्या आधी. आधी फक्त तंबोरा आणि गळा. पेटी, तबला, झांजा मागाहून. खोली राजांगणाला लागून आहे ती, पूर्वी भाताची कोठी होती. गोव्यातल्या फोंड्याचा बाजार इथून लांब, त्यामुळे रस्त्याचा आवाज नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. सामानात एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणि आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. त्रास दिला तर माइक देईल, अशी माझी समजूत होती.

२८ मे
पहिला टेक. हेडफोनवर ऐकला तेव्हा छान वाटला. रात्री कॉम्प्रेसर लावला आणि ओळी-ओळींच्या मधल्या जागेतून घरघर वर आली, गिरण लांबवर चालू असावी तशी. यात कॉम्प्रेसरचा दोष नाही. तो मोठे स्वर दाबतो आणि मग सगळंच उचलतो. गळा आठ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) उचलला की शांततेतली घरघरही आठ डीबी उचलली जाते. शिवाय मागच्या कोरसासाठी मावशीचाच आवाज चार वेळा घ्यायचा आहे. चार ट्रॅक म्हणजे घरघरही चौपट, हिशेबाने सहा डीबी जास्त. ती टेकमध्ये आलीच नाही पाहिजे.

मावशीने मीटर बघितला नव्हता, कॉम्प्रेसर तर तिच्या गावीही नाही. टेक संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "अरे, ही तुजी पेटी गायता रे." आणि चहा पिताना, "आनी गायता गायता देंवता." म्हणजे कॉम्प्युटर तिच्या सुरात गातो आणि गाता गाता उतरतो. मी हसलो.

मोजायची पद्धत ठरवून टाकली. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, कायम तोच, तीस सेकंद कुणी हलायचं नाही, मग त्या तुकड्याची सरासरी पातळी बघायची. फोनमधल्या डीबीच्या अ‍ॅपवर भरवसा नाही. मला खरा आकडा नको, कालच्यापेक्षा आज किती एवढंच हवं. आजचा आकडा: मावशीचा आवाज सरासरी उणे २२ डीबी, शांतता उणे ५४ (उणे आकडा जितका मोठा, तितकी शांतता जास्त). कॉम्प्युटर पूर्ण बंद, भाचीचा लॅपटॉप बॅटरीवर, त्याचा पंखा थांबलेला, रात्रीची वेळ: उणे ७६. म्हणजे खोली चांगली आहे. बावीस डीबीचा सगळा गोंधळ एकट्या त्या डब्याचा.

३० मे
कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर होतं आणि माइकचा स्टँडही त्याच टेबलाला चिमट्याने लावलेला. टेबलावर तळहात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं होतं. सागवानी फळी, खाली पोकळ खण: तंबोऱ्याचा भोपळाच तो. कॅबिनेट जमिनीवर घेतलं, खाली काथ्याची दोन पायपुसणी एकावर एक. माइकला स्वतंत्र स्टँड. उणे ५७. खालची घुमघुम गेली, वरची गुणगुण आहे तशीच.

यात एक पैसाही गेला नाही.

२ जून
आवाज नेमका कुठून येतो हे कानाने कळत नाही, खोलीभर सारखाच वाटतो. बागेला पाणी घालायच्या पाइपचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाला लावलं, दुसरं डब्याभोवती फिरवलं. बाजूचं झाकण काढलेलं. (हे करताना पाइपचं टोक पंख्यात जाऊ द्यायचं नाही, आणि धातूची नळी तर वापरायचीच नाही.) अर्ध्या तासात चार गवई सापडले. प्रोसेसरवरचा पंखा सगळ्यात मोठा. मागचा छोटा पंखा, त्याचं बेअरिंग खरखरतं. हार्ड डिस्क, बारीक पण एकसुरी. आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा पंखा, तो तसा सभ्य.

मग मावशीचं बोलणं आठवलं म्हणून प्रोसेसरच्या पंख्याची पाती मोजली. सात. प्रोग्राममध्ये वेग बघितला: मिनिटाला २००० फेरे. पंखा फिरताना प्रत्येक पातं हवेला एक टोला देतं, म्हणजे सेकंदाला सात गुणिले दोन हजार भागिले साठ, २३३ टोले. २३३ हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमवर काळी पाच. मावशी काळी पाचातच गाते.

पुढचं याहून मजेचं. पंख्याचा वेग प्रोसेसर किती तापलाय त्यावर ठरतो. टेक सुरू करायच्या आधी मी जुन्या फाइली उघडत असतो, प्लगिन लोड करत असतो, तेव्हा २०००. रेकॉर्डिंग चालू झालं की काम हलकं होतं आणि वेग हळूहळू १९००वर येतो. १९०० म्हणजे २२२ हर्ट्झ, जवळपास पांढरी सहा. अर्धा सूर खाली. देंवता, तो खरंच देंवता.

तिला सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. "कान आसात न्हय म्हाका?"

४ जून
झाकण उघडलेलंच होतं, साफसफाई काढली. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये तांबड्या धुळीचा थर, वाकळीच्या कापसासारखा सलग निघाला, चिमटीत धरून सोलता आला. एसएमपीएसच्या जाळीपाशी पालीची दोन अंडी, गोल, पांढरी, वाटाण्याएवढी. एक फुटलेलं आणि रिकामं, म्हणजे एक पिल्लू आठ भजनांपैकी काही ऐकून गेलं असणार.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेने तो वेडावाकडा फिरला तर बेअरिंग जातं, आणि मोटर उलट वीज पाठवू शकते. हीटसिंक काढलं, जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती, ती पुसून नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी. पुन्हा चालू केलं तर पंखा १३००वर स्थिर. धूळ होती म्हणून तो धावत होता, एवढीच गोष्ट.

पंख्यांचा ठोकताळा असा की वेग निम्मा केला तर आवाज सुमारे पंधरा डीबी उतरतो. २०००वरून १३०० म्हणजे नऊ उतरायला हवे. माझ्या मीटरवर सहाच उतरले, उणे ६३. कारण आता मागचा खरखरता पंखा आणि हार्ड डिस्क उघडी पडली. हे डीबीचं गणित आधी समजत नव्हतं: दोन सारख्याच आवाजांतला एक बंद केला तर फक्त तीन डीबी कमी होतात, आणि मोठा तसाच ठेवून लहान बंद केला तर काहीच नाही. मी आधी हार्ड डिस्क बदलली असती तर आकडा हललाही नसता आणि मी दुकानदाराला शिव्या देत बसलो असतो.

मावशीचा शेरा: "आता ना गंधार, ना मध्यम." हिशेब केला. १३०० फेरे म्हणजे १५२ हर्ट्झ. तिच्या सा-पासून खालच्या सप्तकात मोजलं तर शुद्ध गंधार १४७वर, मध्यम १५६वर. अगदी मधोमध. आवाज कमी झाला आणि त्रास वाढला. सुरात असलेली मोठी घरघर तिला एक वेळ चालत होती, ही बारीक बेसूर चालेना.

७ जून
पाऊस लागला. कौलांवर पडताना माइकला दुसरं काहीच ऐकू येत नाही, कॉम्प्युटर असो नाहीतर विमान. काम बंद म्हणून एक प्रयोग केला आणि तो फसला.

कॅबिनेट शिसवी कपाटात घातलं, दार लावलं, वायरी फटीतून बाहेर. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मग आत दमट गरम हवा कोंडली, प्रोसेसर ऐंशी अंशांच्या वर गेला, पंखा २४००वर आणि कपाटाची दारं त्याच्याबरोबर थरथरायला लागली. हवा जायला वाट ठेवली तर त्याच वाटेने आवाज येतो. आतून गादी लावलेला, वळणाचा हवेचा बोगदा करून हे जमवणारे लोक आहेत, पण मी सुतार नाही आणि आमच्याकडच्या हवेत जूनमध्ये बंद कपाटात बुरशी सोडून काही टिकत नाही. माइकसुद्धा मी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

९ जून
बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) जाऊन पंख्याचा वेग बांधून टाकला. तापमानाप्रमाणे वर-खाली नको, कायम १०००. एक तास रेकॉर्डिंगसारखं काम चालवून बघितलं, बासष्ट अंशांच्या वर गेलं नाही. (व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने हे करू नये. मी मिक्सिंगच्या दिवशी परत आपोआपवर टाकतो.) मागचा खरखरता छोटा पंखा काढून टाकला. कॅबिनेटला तिथे मोठ्याचीही भोकं होती, म्हणून १२० मिलिमीटरचा लावला, तोही संथ. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा काढतो. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या, म्हणजे पत्र्याला थरथर जात नाही. उणे ६६.

हजारच का? कारण सात गुणिले हजार भागिले साठ म्हणजे ११७. काळी पाच, पण खालच्या सप्तकातली. मंद्र षड्ज. उपाय म्हणून याला काही अर्थ नाही हे मला कळतं, पण हजार, अकराशे, साडेनऊशे यांतला कुठलाही आकडा चालणार असेल तर सुरातला का नको?

मावशी बसली. सा लावला. थांबली. "सूर बरो. पूण हालता." सूर बरा आहे, पण हलतोय.

मला ऐकू येईना. हेडफोन लावून शांतता वाढवून ऐकली तेव्हा कळलं. घुं, घुं, घुं, सेकंदाला तीनेक वेळा फुगतो आणि बसतो. तंबोरा लावताना दोन तारा जवळ येतात पण मिळत नाहीत तेव्हा जी लाट ऐकू येते, तीच. म्हणजे ११७च्या शेजारी आणखी कुणीतरी गातोय. हार्ड डिस्क ७२०० फेऱ्यांची. भागिले साठ, १२०. एकशे वीस वजा एकशे सतरा, तीन.

कागदावर हे मांडून झालं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी एकटाच हसत होतो.

१२ जून
हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली. तिच्यात फिरणारं काहीच नाही. जुनी डिस्क बाहेरच्या डबीत, फक्त बॅकअप घेताना जोडायची. उणे ६७, म्हणजे फक्त एक डीबी. एवढ्यासाठी पैसे घातले असं आकडा म्हणतो. पण ती लाट गेली, आणि जे राहिलं ते पंख्याची नुसती झुळूक. कान असल्या आकड्यांना भीक घालत नाही; हलणारा आवाज बारीक असला तरी लक्ष ओढतो, स्थिर आवाज मोठा असला तरी मागे पडतो.

१३ जून
लाइट गेली. इन्व्हर्टरवर चालू ठेवून बघितलं, ट्रॅकमध्ये भुंग्यासारखा आवाज. हा पंख्याचा नव्हे, तारेतून आलेला: माइक वाकळीत गुंडाळला तरी जात नाही, यावरून ओळखायचं. इन्व्हर्टरवर टेक घ्यायचा नाही, विषय संपला.

१५ जून
आता माइक. हा दिवस खरं तर पहिला असायला हवा होता.

मावशी माइकपासून अर्धा मीटर बसायची, कारण ती गाताना झुलते आणि हात फेकते, आणि मला स्टँड पडायची भीती. तिला पंचवीस सेंटिमीटरवर आणलं. अंतर निम्मं झालं की गळा सहा डीबी मोठा. गेन सहाने कमी केला, आणि गेनबरोबर खोलीतलं बाकी सगळंही सहाने खाली गेलं. उणे ७३. फुकट. एवढ्या जवळून खर्ज थोडा फुगतो, तो नंतर फिल्टरने उतरवता येतो. मधे पॉप फिल्टर, नाहीतर 'पांडुरंग' म्हटलं की माइकमध्ये फटाका.

कुणीतरी सांगतंच की कंडेन्सर नको, साधा डायनॅमिक घे, तो घरघर ओढत नाही. भाचीच्या शाळेतला डायनॅमिक आणून त्याच जागी ठेवला. गेन जास्त द्यावा लागला, आणि गळा त्याच पातळीवर आणला तेव्हा घरघरही जवळपास त्याच पातळीवर. डायनॅमिकवाले माइक ओठांना लावून गातात, सगळं श्रेय त्या अंतराचं.

दुसरी गोष्ट दिशेची. माझा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे पुढचं ऐकतो, बाजूचं थोडं कमी, आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी. कॅबिनेट बाजूला होतं. ते माइकच्या पाठीमागे एका रेषेत नेलं. फार फरक नाही! तासभर डोकं खाजवलं. मग कळलं की डब्याचा आवाज मावशीच्या मागच्या भिंतीवर आपटून माइकच्या तोंडावर परत येतोय. गुळगुळीत सिमेंटचा गिलावा, आरसाच तो. आजीच्या तीन वाकळी दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या. भिंतीला चिकटवल्या तर एवढा उपयोग होत नाही. उणे ७८. टांगताना मावशी म्हणाली, "आयची वाकळ फाडलीस जाल्यार बघ." चिमट्यांखाली कापडाचे तुकडे घातले.

१८ जून
एकदाची हौस म्हणून कॅबिनेट शेजारच्या खोलीत. माइकची एक्सएलआर वायर दहा मीटरची, बॅलन्स्ड असल्यामुळे एवढ्या लांबीला काही होत नाही. यूएसबीचं तसं नाही, पाच मीटरच्या पुढे साधी वायर चालत नाही, म्हणून इंटरफेस कॅबिनेटपाशीच ठेवला आणि माइक, हेडफोन, कीबोर्ड यांच्या वायरी दारातून आणल्या. मधे चिऱ्याची हातभर जाड भिंत. आता संपूर्ण शांतता, या तयारीने बसलो.

उणे ८०. दोनच डीबी? वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. जुन्या घरांत आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत; भिंत संपते आणि वर वाशांखाली एका खोलीची हवा दुसरीत मोकळी. लहानपणी याच वाटेने आम्ही मोठ्यांचं बोलणं ऐकायचो. पण बदललेल्या गेनच्या हिशेबाने ही खोलीच मुळी उणे ८२ची, त्यामुळे भांडण दोन डीबीचं. ते सोडून दिलं, कॅबिनेट तिथेच राहू दिलं.

२० जून
वेळ पक्की केली, दुपारी दोन ते चार. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, मग मासळीवाली, संध्याकाळी पुन्हा पोदेर आणि देवळातली आरती, रात्री बेडूक. दोन ते चार गाव झोपतं, दुकानंसुद्धा. छताचा पंखा टेकपुरता बंद, म्हणून एका वेळी पाच मिनिटांच्या वर टेक नाही. मावशीला घाम येतो, तिच्या हातात विणलेला विंझणा, टेक संपला की आधी तो.

पावसाची उघडीप मिळाली की एक भजन. अशी तीन झाली.

२४ जून
सॉफ्टवेअरने घरघर काढायचा मोह आज पुरा करून घेतला. प्रत्येक टेकच्या आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवतो. ते दहा सेकंद प्रोग्रामला दाखवायचे, हा नको असलेला आवाज, आणि मग तो पूर्ण ट्रॅकमधून वजा करायचा. २८ मेच्या टेकवर वीस डीबी वजा केले: घरघर गेली, पण मावशी विहिरीत बसून गात होती. शिवाय पंखा टेकभर उतरत होता, त्यामुळे सुरुवातीचा नमुना शेवटाला लागू पडेना, मधेच बुडबुडे. तेच नव्या टेकवर फक्त सहा डीबी वजा केले तर काही केलंय हे कळतही नाही. वेग बांधलेला असल्याचा हा फायदा.

गेट लावून ओळींच्या मधली जागा पूर्ण बंद करूनही बघितलं. भजनात ते वाईट. श्वास कापला जातो, आणि मागे तंबोरा आल्यावरसुद्धा गळा दार उघडून-मिटून बोलल्यासारखा वाटतो.

मावशीला म्हटलं, केसरबाई केरकर आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, १९७७ साली त्यांचं गाणं व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात गेलं, आणि आपण इथे एका पंख्याशी भांडतोय. ती म्हणाली, "त्यांच्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता."

२७ जून
सातवं भजन. सगळं जागच्या जागी, कॅबिनेट पलीकडे, वाकळी टांगलेल्या, बाहेर उघडीप. पहिला टेक घेतला आणि मावशी पहिल्याच आलापात थांबली. दुसरा, तोच प्रकार. सा किंचित वर लागत होता. असं तिचं कधी होत नाही.

"ती तुजी पेटी खंय गेली?"

म्हटलं, शेजारच्या खोलीत, तुलाच त्रास होत होता म्हणून.

"सकयलो सा दितली ती. बरो आधार आशिल्लो."

खालचा सा द्यायची ती, बरा आधार होता. मी काही बोललो नाही. हेडफोन ती एकाच कानाला लावते, दुसरा कान उघडा, आणि त्या उघड्या कानाला नऊ तारखेपासून मंद्र षड्जाची सवय झाली होती. तंबोऱ्याचा ट्रॅक हेडफोनमध्ये वाढवला, त्याचा खर्ज आणखी थोडा. उघड्या कानावरून पदर घेऊन तो तिने स्वतःच झाकला. तिसरा टेक लागला.

आठवं उद्या, पाऊस नसेल तर, दोननंतर. जाताना एक वाकळ उतरवून घेऊन गेली, रात्री थंडी वाजते म्हणून. उद्या ती परत आणायची आठवण करायची, नाहीतर मीटर पुन्हा वर.